१२३४५६७८९८७६५४३२१ : नऊ ओळी सुपारी आणि न येणारा हातचा

रोठासुपारी (श्रीवर्धन)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं.

आमच्या अंगणात सध्या सुपारी वाळत पडली आहे. परवा संध्याकाळी धाकटी लेक (पाचवीत आहे) वही घेऊन तिथेच बसली होती. गुणाकाराची उदाहरणं होती. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. ११११ चं १२३४३२१ आलं आणि ती थांबली. म्हणाली, "बाबा, हे असंच चढत जाणार? नऊपर्यंत जाऊन परत उतरणार?"

मी फोन काढला, नऊ वेळा एक दाबून वर्ग केला. फोनने १.२३४५६७९ असं काहीतरी दाखवून पुढे ई आणि १६ लिहिलं. "हे ई कुठून आलं?" म्हणून तिने मलाच धारेवर धरलं. मग ठरवलं, हातानेच करू. कागदावर नको, समोर सुपारीच आहे.

एक सुपारी म्हणजे एक. पहिल्या ओळीत नऊ सुपाऱ्या. दुसऱ्या ओळीतही नऊच, पण एक घर डावीकडे सरकवून, आपण गुणाकारात फुली मारून पुढची ओळ लिहितो तशी. तिसरी आणखी एक घर डावीकडे. अशा नऊ ओळी झाल्या. सगळं मिळून एक तिरपा चौकोन दिसत होता, वाऱ्याने कलंडलेल्या कुंपणासारखा. मग तिने खडूने खाली उभ्या रांगा मोजून लिहायला सुरुवात केली. उजवीकडच्या टोकाला एकच सुपारी, तिच्या शेजारी दोन, मग तीन, चार... मधल्या रांगेत बरोबर नऊ, आणि तिथून परत आठ, सात, सहा. फरशीवर आकडा उमटला:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तोच. नंतर मी तिला विचारलं, एकूण सुपाऱ्या किती? तिने मोजल्या नाहीत, नऊ नव्वे एक्क्याऐंशी म्हणून मोकळी झाली. म्हणजे या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. रात्री मी कागदावर या संख्येला ८१ ने भागलं. नि:शेष भाग गेला! उत्तर आलं १५२४१५७८९९७१०४१, आणि हे उत्तरसुद्धा पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. या १२३४५६७९ मध्ये आठ नाही.

आठ कुठे गेला? जाणकारांनी सांगावं, लेकीला उत्तर द्यायचं आहे.

चिकूवाडी (घोलवड)

रोठासुपारी, तुम्ही नकळत आमच्या डहाणूच्या माणसाच्या अंगणात येऊन बसला आहात.

या संख्येला नाव आहे, डेम्लो संख्या. नाव ठेवलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला, आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचं त्या वेळचं नाव. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव दिलं. आज डोंबिवलीच्या गर्दीत उभं राहायला जागा मिळत नाही, आणि त्या फलाटावरून कुणा एकाच्या मनात संख्यांचं घराणं सुरू झालं, हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

१, १२१, १२३२१ पासून तुमच्या सतरा अंकी संख्येपर्यंत ज्या चढतात-उतरतात, त्या 'वंडरफुल डेम्लो'. त्यातली ही शेवटची.

आणि ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी नाव दिलं 'हर्षद', हर्ष देणारी. तुमची संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही. तुम्ही ८१ ने भागून पाहिलंत तेव्हा नेमकं हेच तपासलंत.

दापोलीकर मास्तर

सुपारीची मांडणी फार आवडली. तीस वर्षं वर्गात फळ्यावर हा गुणाकार केला, पण हे सुचलं नव्हतं. उद्या शाळेत सागरगोटे घेऊन करणार.

आता आठाचं. लेकीला साधा भागाकार करायला लावा, १११११११११ भागिले ९. पहिल्या एकाला भाग जात नाही, पुढचा एक खाली उतरवला की ११. अकरात नऊ एकदा, बाकी २. एक उतरवला, २१. नऊ दुणे अठरा, बाकी ३. मग ३१, नऊ त्रिक सत्तावीस, बाकी ४. बाकी दर वेळी एकेक वाढते आणि भागाकारात १, २, ३, ४, ५, ६, ७ असे अंक ओळीने उमटत जातात. सात लिहिला तेव्हा ७१ मधून ६३ गेले, बाकी राहिली ८. आता शेवटचा एक उतरवला की होतात ८१. आणि ८१ मध्ये नऊ आठ वेळा नाही, नऊ वेळा जातो, बाकी काही उरत नाही. म्हणून आठाच्या जागी नऊ बसला. आठ हरवला नाही, तो बाकीच्या रूपात शेवटच्या पायरीवर उभा होता.

हे तिला बोलून दाखवू नका. पाटीवर करू द्या, ८१ ला आल्यावर तिचं तिलाच दिसेल.

आणखी एक. तुमच्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. बस, एवढेच. ३३३६६७ ही मूळ संख्या, दिसायला ओबडधोबड, पण तिला ३ ने गुणा: १००१००१. त्याला १११ ने गुणा: नऊ एक. एकूण विभाजक ४५. विभाजकांची संख्या विषम आली की समजावं, संख्या पूर्ण वर्ग आहे. विभाजक जोडीजोडीने येतात, फक्त वर्गमूळ एकटं राहतं.

सागरगोटा (अलिबाग)

सर्वांचा मान राखून एक शंका. हे सगळं दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसतं ना? संख्येचा स्वतःचा गुण आणि ती लिहिण्याच्या रीतीचा गुण यांत फरक करायला हवा. तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा हे संख्येचं आहे. उलटसुलट सारखं दिसणं हे लिपीचं आहे. इंग्रज गणिती हार्डी यांनी अशा अंकांच्या गमतींना गणिताच्या दृष्टीने फारसं महत्त्व दिलं नव्हतं, आणि मला ते पटतं.

दापोलीकर मास्तर

सागरगोटा, फरक तुम्ही बरोबर केलात, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

रोठासुपारींनी अंगणात जे मांडलं, त्यात दहा कुठेच नव्हते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ, दर ओळ एक घर सरकलेली. उभ्या रांगा १ ते ९ ते १ येणारच, जगात कुठेही मांडा. दहा येतात ते फक्त एका प्रश्नासाठी: हातचा कधी येतो? एका रांगेत दहा सुपाऱ्या झाल्या की हातचा आला आणि चित्र मोडलं. नऊपर्यंत हातचा नाही, म्हणून चित्र शाबूत.

आता आठाच्या पद्धतीत मोजा. तिथे सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ येतो, त्यापुढे हातचा. आणि डझनाने मोजणारी माणसं असती (आंबा तर आपण डझनानेच मोजतो), तर शिडी अकरापर्यंत चढली असती. पाया कोणताही घ्या, त्याच्याहून एक कमी इतक्या पायऱ्या. नियम सगळीकडे तोच. एवढा पसारा एका नियमात बसत असेल तर त्याला नुसता योगायोग म्हणणं मला जमत नाही.

सागरगोटा (अलिबाग)

हे पटलं. 'हातचा येत नाही' हा खरा गुण, तो कुठल्याही पायात सांगता येतो. माझा शब्द मागे घेतो.

हापूसवाली (देवगड)

मी गणितातली नाही, पण या संख्येशी वेगळीच ओळख झाली म्हणून लिहिते.

आमच्या पेट्या पाठवायच्या हंगामात एका कुरिअरचे लांबलचक नंबर मी स्प्रेडशीटमध्ये भरायचे. सतरा अंकी. एकदा सगळ्या यादीतले शेवटचे दोन अंक शून्य झालेले दिसले. ४० पेट्या कुठे आहेत ते शोधता येईना, गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. दोन दिवस रडकुंडीला आले. पुतण्याने सांगितलं, काकू, स्प्रेडशीट आकड्याचे पंधराच अंक धरतं, पुढे शून्यं भरतं. नंबर 'आकडा' म्हणून नाही, 'मजकूर' म्हणून भरायचा.

हा धागा वाचून तुमची संख्या तिथे टाकली. १२३४५६७८९८७६५४३०० झाली. उतरणीचा शेवट कापून टाकला! एवढी देखणी संख्या, आणि टोकाला दोन शून्यं. पुतण्याच्या प्रोग्रॅममध्ये टाकली तर १२३४५६७८९८७६५४३२० आली, एक कमी. तो म्हणतो, तिथे ९००७१९९२५४७४०९९२ नंतरच्या सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या मावत नाहीत, तुमच्या संख्येच्या पट्ट्यात फक्त सम संख्याच बसतात. ही विषम आहे, म्हणून शेजारच्या समावर जाऊन बसली.

म्हणजे रोठासुपारी, फोनने ई आणि १६ (म्हणजे गुणिले दहाचा सोळावा घात) दाखवला त्यात तुमची चूक नव्हती. सुपारीने जे नेमकं दाखवलं ते आमच्या महागड्या लॅपटॉपला साध्या रीतीने जमलं नाही.

जुनी पाटी (गुहागर)

वय ७८. नातीकडून टंकून घेते आहे.

आम्ही लहानपणी तिन्हीसांजेला परवचा म्हणायचो, त्यात पाढे झाले की एकं दहं शतं यायचं. तुम्ही सगळे ही संख्या नुसती अंकांनी वाचताय. आमच्या परवच्यात तिच्या एकेका अंकाला स्वतःचं नाव आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० च्या सुमाराला, जी स्थानं दिली त्यातलीच ती.

एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा घरं. तुमची संख्या सतरा घरांची. डावीकडून म्हणा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीनशे एकवीस.

जलधी म्हणजे समुद्र. ओटीवर बसून म्हणायचो तेव्हा समोर तोच दिसायचा. जलधी म्हणताना आजी हात पश्चिमेला करायची, म्हणून ते घर मी कधी विसरले नाही.

चिकूवाडी (घोलवड)

जुनी पाटी, नमस्कार तुम्हाला. असं म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला.

आता कापरेकरांचाच आणखी एक धागा यातून निघतो. त्यांच्या नावाच्या 'कापरेकर संख्या' आहेत: वर्ग करा, उत्तराचे दोन तुकडे करा, बेरीज केली की सुरुवातीची संख्या परत. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७.

नऊ एकांच्या वर्गाचे असेच तुकडे करा. उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज?

९९९९९९९९९.

एक परत आले नाहीत, नऊ आले. का, ते शोधताना मला या संख्येचं सगळ्यात सुटसुटीत रूप सापडलं. नऊ एक गुणिले नऊ एक हे ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९ असंही लिहिता येतं, एकीकडून नऊ काढून दुसरीकडे दिले एवढंच. आणि नऊ नवांनी गुणायचं म्हणजे पुढे नऊ शून्यं लावायची आणि तीच संख्या एकदा वजा करायची:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

पूर्ण संख्या एका वजाबाकीत! उजवा अर्धा म्हणजे एक अब्जातून १२३४५६७९ गेले, राहिले ९८७६५४३२१. डावीकडून एक उसना घेतला म्हणून ७९ चे ७८ झाले. आठ जो दडला होता, तो इथे परत आला. रोठासुपारी, लेकीला सांगा, आठ सापडला.

आणि हिला ८१ ने गुणलंत तर ९९९९९९९९८००००००००१ येतं, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. त्याचे तुकडे ९९९९९९९९८ आणि १, बेरीज नऊ नव. म्हणजे नऊ नव ही मात्र खरी कापरेकर संख्या.

दापोलीकर मास्तर

वा! ही वजाबाकी मी वहीत उतरवून घेतली.

दापोलीकडून थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. कापरेकरांना विद्यार्थी असताना १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आमच्या तालुक्यातल्या मुर्डीचे. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलात तर मुर्डी शेजारीच. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. मुर्डीच्या माणसाच्या नावाचं पारितोषिक डहाणूच्या मुलाला. किनाऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलेला हा निरोप मी दर वर्षी दहावीच्या मुलांना सांगतो. कापरेकरांकडे गणितातली मोठी पदवी नव्हती, आयुष्य शाळेत गेलं. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला नाव कळलं. तोवर निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती. हे मला आजही सलतं.

वेंगुर्ल्याचो झील

माका एक सांगा. नऊ एक झाले. धा एक घेतले तर काय होता? मधी १० येता काय, १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असा?

दापोलीकर मास्तर

नाही रे बाबा, आणि ते का नाही यातच गंमत आहे. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रांगेत दहा सुपाऱ्या होतात. तिथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे. डावीकडे नऊ होते, त्यांचे दहा झाले, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडचा आठ नऊ झाला, मग थांबलं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. बघ, डावीकडे परत तोच आठ नसलेला १२३४५६७९ आला.

अंकांची बेरीजही बघ. हातचा नसता तर दहा दाहे शंभर आली असती. पण प्रत्येक हातचा दहा घेतो आणि एक देतो, म्हणजे बेरजेतून नऊ जातात. दोन हातचे, अठरा गेले, राहिले ८२. करून पाहा.

तू लिहिलेली संख्या मात्र वेगळ्याच कारणाने मोलाची आहे. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. मधे दहा घातल्याबरोबर पंचेचाळीस विभाजकांची गर्दी जाऊन ही एकटी उभी.

वेंगुर्ल्याचो झील

आवशीक वाचून दाखवलंय. ती म्हणता, हातचो धा घेता नि एक देता, ह्या पयल्यांदाच कोणीतरी नीट सांगल्यान.

रोठासुपारी (श्रीवर्धन)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवार, सकाळपासून अंगणात हेच चाललं आहे.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे पाटीवर भागाकार करायला लावला. ८१ ला आली आणि "अय्या, नऊ!" म्हणून ओरडली. चिकूवाडींची वजाबाकी तिच्या आईला फार आवडली, फ्रिजवर लावली आहे.

मग झीलभाऊंचे दहा एक मांडले. मधल्या रांगेत दहा झाल्या तशा तिने त्या उचलून टोपलीत टाकल्या आणि डावीकडच्या रांगेत एक ठेवली. तिथे दहा झाल्या, त्याही टोपलीत. मधे दोन रिकाम्या रांगा राहिल्या, ती दोन शून्यं. टोपलीत किती? वीस गेल्या, दोन परत दिल्या, अठरा. मास्तरांची बेरीज जुळली.

पण यानंतर तिने जे केलं ते मी सांगितलेलं नव्हतं. तिला चित्र मोडलेलं आवडलं नाही. तिने दहावी ओळ काढून टाकली, पण प्रत्येक ओळीत दहाच सुपाऱ्या ठेवल्या. ओळी नऊ, लांबी दहा. रांगा मोजल्या. मधे दोन वेळा नऊ आले, हातचा कुठेच नाही:

१२३४५६७८९९८७६५४३२१

म्हणजे नऊ एक गुणिले दहा एक. दोन्ही बाजूंनी नऊच्या आत राहायची गरज नाही, एक बाजू राहिली तरी पुरतं! मग सुटलीच ती. पाच ओळी, प्रत्येकीत नऊ सुपाऱ्या: १२३४५५५५५४३२१. तीन ओळी, प्रत्येकीत पाच: १२३३३२१. चढ, वर सपाट, मग उतार. तिने यांना नाव ठेवलं आहे, सड्याच्या संख्या. आमच्याकडे घाटी चढून वर गेलं की मैलभर सपाट कातळ लागतो ना, तसा.

जुनी पाटी आजी, तुमच्यासाठी खास. तिने दोन नवांची ती संख्या तुमच्या घरांनी म्हणून पाहिली. अठरा अंक आहेत, म्हणजे यादीतलं शेवटचं घर लागतं. ती आत्ता ओटीवर उभी राहून म्हणते आहे: एक परार्ध, दोन मध्य, तीन अंत्य, चार जलधी. आणि जलधीला हात पश्चिमेला करते आहे.